कोटामागचं दार

१

घरमालकांनी हुकावरचा लांब रेनकोट दोन बोटांनी बाजूला केला आणि हॉलमध्ये उभ्या असलेल्या तिघी वाकून बघू लागल्या.

झोपायच्या खोलीचं दार होतं ते. पांढुरकं, साधं, इमारतीतल्या इतर सगळ्या दारांसारखंच. पण कोटाआड, कमरेपासून खाली, रंग खरवडून आतलं लाकूड उघडं पडलं होतं. नखांचे ओरखडे होते, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतके. त्यांच्या चिरांत मळ बसून त्या काळ्या पडल्या होत्या. एका दिवसाचं काम नव्हतं ते, हे कुणालाही दिसलं असतं.

"बघा," घरमालक म्हणाले. "आणि तुमच्या कागदावर काय लिहिलंय? 'दार ठीक.'"

तपासणीबाईंचे कान तापले. भाड्याच्या घरांत दर सहा महिन्यांनी जायचं, भिंती, नळ, दारं, फरशा बघायच्या आणि त्यांची अवस्था कागदावर लिहायची, हे काम त्या एकवीस वर्षं करत होत्या. पाच आठवड्यांपूर्वी या घरात त्याच आल्या होत्या. फोटोही त्यांनीच काढला होता. बंद दार, दारावर हुक, हुकावर कोट. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, पुढे आणखी तीन घरं बाकी होती, कारणं हवी तेवढी सांगता आली असती. पण कोट उचलून बघितला नव्हता, हे खरं होतं.

"म्हातारीने केलं हे?" भाडेकरू ताई पुटपुटली. ती शहरातली बस चालवायची, अजून गणवेशातच होती. तिची कुत्री तिच्या बुटांवर हनुवटी टेकून पडली होती. तेरा वर्षांची, एका डोळ्याने आंधळी, मागचे पाय आखडलेली. तिला सगळे म्हातारीच म्हणायचे.

"मी केलं का मग?" घरमालक म्हणाले. त्यांनी खिशातून एक घडी केलेली चिठ्ठी काढली. सकाळी पेटीत आली होती म्हणे. खाली सही नव्हती. 'तुमच्या भाडेकरूची कुत्री घराची नासाडी करते आहे. कोटामागे बघा.'

करार पाच वर्षांचा होता आणि त्यातलं एक वर्ष बाकी होतं. तो मधेच मोडायला एकच कलम होतं: प्राण्याने घराचं नुकसान केलं, तर सात दिवसांत प्राणी तरी जाईल नाहीतर भाडेकरू तरी. फक्त त्या नोटिशीवर तपासणी करणाऱ्याची सही लागायची.

"उद्या संध्याकाळी पाचला मी येतो," घरमालक म्हणाले. "सुधारलेला कागद तयार ठेवा. नाहीतर मी तुमच्या ऑफिसात विचारीन, की ही बाई डोळे मिटून तपासणी करते का म्हणून."

२

ते गेल्यावर समोरच्या मावशींनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला. "रडू नकोस गं. मी चहा ठेवते माझ्याकडे, ये जरा वेळाने," असं म्हणून त्याही गेल्या. मावशी समोरच्याच दारात राहायच्या. ताई बसवर असायची तेव्हा रोज दुपारी म्हातारीला फिरवून आणायच्या, तिला बिस्किटं चारायच्या. ताईच्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"हा कोट तुम्ही शेवटचा कधी काढलात?" तपासणीबाईंनी विचारलं.

"पाऊस संपल्यापासून नाही. तीन महिने झाले असतील." ताईने नाक पुसलं. "बाई, तेच तर वाईट वाटतंय. मला सांगताच येत नाहीये. मी पहाटे जाते, दुपार उलटल्यावर येते. मधल्या वेळात तिने केलं असेल, तर मला काय कळणार? मी छातीठोकपणे नाही म्हणू शकत नाही."

"दुपारची कोंडता का तिला?"

"कधीच नाही. सगळी दारं उघडी असतात." ती खुर्चीत बसली. "तुम्ही सही करून टाका. तुमची नोकरी कशाला जायला हवी?"

"मग हिचं काय?"

ताईने कुत्रीकडे बघितलं नाही. "घर शोधताना मी मागच्या वेळी चौदा दारं वाजवली होती. मालक नोकरी बघायचे, हसून बोलायचे, आणि कुत्रीचं नाव काढलं की चेहरे पडायचे. एकाने तर मला विचारलं, मूल नाही म्हणून कुत्रं का? जनावरांच्या आश्रयगृहातही विचारलं होतं तेव्हा. एवढं म्हातारं जनावर कुणी घरी नेत नाही. पंधरा दिवस ठेवतात, मग कायमची झोपवायची सुई देतात."

तपासणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांत त्यांनी काय काय बघितलं नव्हतं! भिंतीला भोकं पाडणारे भाडेकरू, सिंकमध्ये रंगाचे डबे ओतणारे, बाल्कनीत सरपण जाळणारे. त्यांतल्या कुणाला सात दिवसांत घराबाहेर काढायचं कलम नव्हतं. ते फक्त जनावरासाठी, कारण जनावर स्वतःची बाजू मांडायला येणार नव्हतं. आणि त्या कलमावर सही त्यांची.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी एकदा न बघता लिहिलंय. दुसऱ्यांदा लिहिणार नाही."

३

मावशींकडे चहाला ताईऐवजी तपासणीबाईच गेल्या. आत पाऊल टाकलं की क्षणभर गोंधळायला व्हायचं. ताईचंच घर, पण उलटं. तिकडे स्वयंपाकघर डावीकडे तर इकडे उजवीकडे, तिकडची खिडकी इकडे भिंत. प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन घरं होती आणि एक दुसऱ्याचं आरशातलं रूप होतं.

"रंगाचा वास येतोय," तपासणीबाई म्हणाल्या.

"कपाट रंगवून घेतलं." मावशींनी चहा पुढे केला. कपाटावर चौकटीत एका दांडग्या तपकिरी कुत्र्याचा फोटो होता. "हा आमचा शेठ. अकरा वर्षं होता. मागच्या वर्षी गेला. मी खोलीचं दार लावलेलं त्याला खपायचंच नाही, रात्रभर बाहेर बसून आळवायचा." मावशींचे डोळे खरोखर भरून आले. "म्हणून तर म्हातारीला जीव लावला हो मी. तिच्यासाठी मी एक आश्रयगृहही बघून ठेवलंय. गावाबाहेर आहे, मोकळी हवा."

"इतक्यात बघून ठेवलंत?"

"आज ना उद्या हे होणारच होतं ना. वय झालं की जनावर बिघडतं." मावशींनी सुस्कारा सोडला. "घरं मिळत नाहीत हो. माझी मुलगी-जावई लहान मूल घेऊन दीड वर्ष शोधताहेत. मी एकटी इथे, ते शहराच्या त्या टोकाला. तरी ते मालक माझ्या शब्दाबाहेर नाहीत म्हणा, भाडेकरू मीच सुचवते त्यांना."

बोलता बोलता तपासणीबाईंची नजर सवयीने भिंतींवरून, चौकटींवरून फिरत होती. सगळं नीटनेटकं होतं. झोपायच्या खोलीचं दार स्वच्छ पांढुरकं होतं, फक्त डोक्याच्या उंचीला लांबी भरल्याचे दोन छोटे ठिपके होते. वाईट सवय, कुठेही जा, खोडच सापडायची.

"ती चिठ्ठी कुणी लिहिली असेल, मावशी?"

मावशींनी बोटाने जमिनीकडे दाखवलं. "खालच्या हेडबाई, दुसरं कोण? कुत्रीच्या पावलांनी त्यांना म्हणे झोप लागत नाही. जा, विचारून बघा. पण जपून."

४

हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण ते शाळेने मान्य केलं होतं, त्यांनी नाही. त्यांनी दार उघडलं आणि तपासणीबाईंना नखशिखान्त न्याहाळलं.

"निनावी चिठ्ठी? मी?" त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. "मी तक्रार करते तेव्हा खाली सही करते, वर तारीख घालते आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवते. गेल्या चार वर्षांत त्या कुत्र्याविरुद्ध मी एकोणीस पत्रं लिहिली आहेत. दाखवू?"

"नको, नको."

"आणि कोटामागे काय आहे हे मला काय ठाऊक? मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही. कुत्र्याचे केस असतात तिथे मी जात नाही."

हे मात्र खरं वाटत होतं. कोट कुठे टांगलाय, हे आत जाणाऱ्यालाच कळणार. तपासणीबाईंना उगीचच अस्वस्थ वाटलं.

"बाई, तुम्हाला वरचं सगळं ऐकू येतं. दार खरवडल्याचा आवाज कधी आला?"

हेडबाईंनी टेबलाच्या खणातून जाड वही काढली. त्यात रोजची तारीख, वेळ आणि आवाज होता. पावलं. पावलं. भांडं पडलं. पावलं. सुवाच्य अक्षरात चार वर्षांची कटकट लिहिलेली होती.

"खरवडण्याचा आवाज एकदाही नाही," पानं उलटून झाल्यावर हेडबाई म्हणाल्या. ते कबूल करताना त्यांना त्रास झाला. "मला कुत्री आवडत नाहीत. पण नसलेलं मी लिहीत नाही."

"आणि गेल्या काही दिवसांत काही वेगळं?"

"मंगळवार." हेडबाईंनी बोट ठेवलं. "हे मी 'दुरुस्ती' या मथळ्याखाली लिहिलं होतं. 'सकाळी अकरा वीस ते दुपारी एक पाच. वर ठोकाठोक, रंधा. कुत्र्याची पावलं नाहीत. मधल्या मोकळ्या जागेतून जड वस्तू ओढत नेली. दोनदा. जिन्यावरून जड काही खाली आलं नाही, वर गेलं नाही.' जिना माझ्या भिंतीला लागून आहे, तिथून मांजर गेली तरी मला समजतं."

"ताईच्या घरात मंगळवारी दुरुस्ती होती?"

"ते तुम्ही त्यांना विचारा," हेडबाई म्हणाल्या आणि वही मिटली.

५

"दुरुस्ती?" ताई गोंधळली. "नाही. मंगळवारी मी बसवर होते. मावशी म्हातारीला सकाळीच घेऊन गेल्या, दिवसभर बागेत ठेवते म्हणाल्या, ऊन छान पडलंय."

शुक्रवारची दुपार होती. तीन वाजून गेले होते. तपासणीबाई दारासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि ओरखडे बघून बघून त्यांचे डोळे दुखायला लागले होते. खरी नखं, खरा मळ, जुने व्रण. कुठेही खोट नव्हती, आणि तरीही कुठेतरी पाणी मुरत होतं.

"औषधाची वेळ झाली हिच्या," ताई म्हणाली. ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं, कारण गोळ्यांचं कपाट दारामागे होतं.

म्हातारी जागी झाली. कशीबशी उठली, लंगडत दारापाशी गेली आणि नाक फटीला लावून उभी राहिली. एक पंजा उचलून तिने दाराला हलकेच लावला. मूठ होती त्या बाजूला. दार उघडलं की सगळ्यात आधी जिथून माणूस दिसणार, तिथे.

तपासणीबाई ताडकन उठल्या. गुडघ्याने कळ दिली, तिकडे लक्षही गेलं नाही.

म्हातारी उजवीकडे उभी होती, मुठीखाली. आणि तिच्या नाकासमोरचा रंग जवळजवळ शाबूत होता. सगळे ओरखडे दाराच्या डाव्या अंगाला होते, बिजागऱ्यांच्या बाजूला. जिथे फट उघडतच नाही, जिथून कुणी बाहेर येत नाही, तिथे एका कुत्र्याने वर्षानुवर्षं जीव खाऊन नखं घासली होती.

"कुत्रं बिजागरीपाशी कशाला वाट बघेल?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

ताईने दार उघडलं. तपासणीबाईंनी ते तसंच धरलं आणि मुठीच्या बाजूची कड अंगठ्याच्या नखाने वरपासून खालपर्यंत चाचपली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, इतका रंग सारखा होता. पण नख तीन ठिकाणी अडखळलं. वर, मधे आणि खाली. बिजागरीच्या मापाचे तीन आयताकृती तुकडे, खाचेत बसवून, लांबी भरून, रंगवून टाकलेले.

"ताई," त्या म्हणाल्या. "या दाराच्या बिजागऱ्या आधी या बाजूला होत्या. हे दार तुमच्या घरातलं नाहीच."

६

इमारतीत येणारा सुतार हेडबाईंचा माजी विद्यार्थी निघाला. त्यांनी फोन केला आणि तो पंधरा मिनिटांत, हातातलं काम टाकून, धापा टाकत हजर झाला.

"मंगळवारी वर काय केलंस?" हेडबाईंनी विचारलं.

"दारांची अदलाबदल, बाई. समोरासमोरच्या दोन घरांची." तो निष्पापपणे म्हणाला. "मावशींनी बोलावलं होतं. त्यांच्याकडे किल्ली होती. म्हणाल्या, त्या ताईशी बोलणं झालंय, तिच्या कुत्रीला दार खरवडायची सवय आहे, तर माझं जुनं खरवडलेलं दार तिला राहू दे, तिचं चांगलं मला दे. मला वाटलं, शहाणपणाचं आहे. उलट्या बाजूची दारं, त्यामुळे बिजागऱ्यांच्या आणि मुठींच्या खाचा बुजवून दुसरीकडे पाडाव्या लागल्या. हुकसुद्धा जसाच्या तसा, त्याच उंचीला काढून लावला. मावशींकडे गेलेल्या दारावर हुकाच्या स्क्रूची दोन भोकं राहिली, ती लांबीने बुजवली." त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. "जोड दिसतोय का कुठे?"

"दिसत नाही," तपासणीबाई म्हणाल्या. "फार सुरेख काम केलंयस. एका जनावराचा जीव जाणार होता त्यात."

सुताराच्या तोंडचं पाणी पळालं. "मला कुणी विचारलंच नाही, बाई."

"तू विचारायचं होतंस," हेडबाई कडाडल्या, आणि तो पन्नाशीचा माणूस मान खाली घालून उभा राहिला.

पाचला दहा मिनिटं कमी होती. जिन्यावर घरमालकांच्या बुटांचा आवाज आला.

७

ताईच्या हॉलमध्ये सगळे उभे होते. मावशीही आल्या होत्या, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. हेडबाई चार वर्षांत पहिल्यांदा कुत्र्याचे केस असलेल्या घरात आल्या होत्या आणि रुमाल नाकाला लावून भिंतीशी ताठ उभ्या होत्या.

"झाला का कागद?" घरमालकांनी विचारलं.

"झाला. वाचते." तपासणीबाईंनी चष्मा लावला. "पाच आठवड्यांपूर्वी मी या घरात आले तेव्हा दारावरचा कोट उचलून बघितला नाही. ही माझी चूक. पण तेव्हा त्या कोटामागे हे दार नव्हतं."

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. बिजागरीच्या बाजूचे ओरखडे दाखवले. कडेचे तीन जोड सगळ्यांना नखाने चाचपायला लावले. ज्या घरात हे दार उलट्या बाजूने उघडत असेल, तिथे हेच ओरखडे बरोबर मुठीखाली येतात, हे सांगितलं. उलटी घरं इमारतीत चार. पण मंगळवारी जड वस्तू याच मजल्यावर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ओढली गेली, जिन्यावरून जड काही गेलं नाही, हे हेडबाईंच्या वहीत होतं. सुताराने मान डोलावली. आणि समोरच्या घरात, झोपायच्या खोलीच्या दारावर, डोक्याच्या उंचीला, लांबीचे दोन ठिपके होते. या हुकाच्या मापाचे.

"कोट कुठे टांगलाय, तो तीन महिने हललेला नाही, हे रोज आत येणाऱ्या माणसालाच माहीत," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी त्याच माणसाची."

कुणी मावशींकडे बोट दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती. बिस्किटांचा पुडा त्यांच्या हातात चुरचुरला.

"माझ्या नातवाला घर नाही," मावशी म्हणाल्या. "एवढंसं पोर आहे. आणि ही एकटी बाई, एका कुत्र्यासाठी दोन खोल्या अडवून..." त्यांनी म्हातारीकडे बघून नजर फिरवली.

"तुम्ही तिला हाताने खाऊ घालायचात!" ताई ओरडली. कालपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मला सांगितलं असतंत, मावशी, मुलीला घर हवंय म्हणून, तर मी पायपीट करून तिच्यासाठी घर शोधलं असतं. तुम्ही माझ्याकडून माझी किल्ली घेतलीत, माझी कुत्री फिरवलीत, आणि केसाने गळा कापलात. मला मीच खोटी वाटायला लागले होते! मी रात्री हिला म्हणाले, का गं केलंस असं? हिला म्हणाले मी!"

"ज्याची आठवण काढून तुम्ही काल रडलात," तपासणीबाई मावशींना म्हणाल्या, "त्याच्या नखांना तुम्ही खोटी साक्ष द्यायला उभं केलंत."

मावशींनी पदराआड तोंड लपवलं.

घरमालकांनी घसा खाकरला. "बरं, म्हणजे गैरसमज झाला एकंदरीत. आपण हे इथेच सोडून..."

"गैरसमज?" तपासणीबाई त्यांच्याकडे वळल्या. "सही नसलेली एक चिठ्ठी आली आणि तुम्ही या बाईला एक प्रश्नही न विचारता सात दिवसांत बाहेर काढायला निघालात. नळ गळाला असता तर प्लंबरला बोलावून कारण शोधलं असतंत. कुत्रं म्हटल्यावर कारण शोधायची गरजच वाटली नाही तुम्हाला. नोटीस देणार नाही, असं लिहा. इथेच, आत्ता, सही करून."

"आणि तारीख घाला," भिंतीकडून हेडबाई म्हणाल्या. "प्रत मी ठेवते."

घरमालकांनी निमूटपणे लिहून दिलं. ताईने मावशींपुढे हात पसरला आणि मावशींनी जुडग्यातून तिची किल्ली सोडवून त्या हातावर ठेवली. एकेक जण निघाला. मावशी मात्र उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबल्या आणि त्या दाराकडे वळून बघत राहिल्या. कमरेखालच्या खरवडलेल्या लाकडाकडे, काळ्या पडलेल्या चिरांकडे.

"ते दार," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला परत मिळेल का?"

"शरम वाटते का काही?" जिन्याशी पोहोचलेल्या हेडबाई मागे वळून भडकल्या.

रागाने ताईचे कान अजून लाल होते. तिने ओरखड्यांवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत, आणि एका खोल चिरेत तिचं बोट थांबलं.

"उद्या सुताराला पाठवा," ती म्हणाली. "घेऊन जाऊ दे त्याला. तुमच्या शेठने माझं काही वाईट केलेलं नाही."

मग तिने मावशींच्या तोंडावर घराचं दार लावून घेतलं.